लाँच कधी बंद झाली

४ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, निबंधाचं काम हाती घेतलं की रोज काही ना काही टिपत जा, शेवटी उपयोगी पडतं. म्हणून ही वही. खरं तर मला लक्षात ठेवायला वहीची गरज पडत नाही. शिलाई मशीनचं डोकं खोलून सगळे भाग कापडावर पसरले आणि मध्येच कुणी गिऱ्हाईक येऊन गप्पा हाणत बसलं, तरी कुठला स्क्रू कुठला हे मला कधी शोधावं लागलेलं नाही. हे काम मला कुणी शिकवलं नाही. एक मोडकं मशीन विकत घेतलं, उघडलं, आणि ते चालेपर्यंत उठलो नाही. वाचनही तसंच. शाळा अर्धवट सुटली, वाचन सुटलं नाही. आता संध्याकाळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. वर्गात मॅडमसुद्धा माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. शेजारच्या बाकावर एक नर्सबाई बसतात, त्या तेवढ्या जरा जाणत्या. त्या मला मिस्त्री म्हणतात.

निबंध असा: एक विषय निवडायचा. त्यावर निदान चार निरनिराळे संदर्भ मिळवायचे. त्यातला एक तरी तोंडी, म्हणजे जिवंत माणसाला विचारून घेतलेला. सगळ्यांची तुलना करायची, कोण कुठे जुळतं, कोण कुठे अडतं ते पाहायचं, आणि मग आपलं म्हणणं मांडायचं. वर्गातल्या पोरांनी मोबाइल, प्रदूषण असले विषय घेतले. मी घेतला: आपल्या नदीवरची लाँच कधी आणि का बंद झाली.

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मला बरं वाटलं.

घरी मी एकटाच आहे. ही मुलीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच आहे. नात आता बसायला लागली. माझं इथे उत्तम चाललंय. चहा दोन कप होतो, कारण भांडंच तेवढं आहे. दुसरा मी थोड्या वेळाने पितो.

हिच्या मशीनला तेल दिलं. कुणी चालवत नसलं तरी द्यावं लागतं. लोखंड पडून राहिलं की गंज धरतं.

९ जानेवारी

दुकान लवकर बंद करून वाचनालयात गेलो. घबाडच मिळालं. तीन संदर्भ, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना!

नगरपालिकेचा अहवाल म्हणतो, पुलाचं उद्घाटन झालं त्याच दिवसापासून लाँच बंद. तेव्हाचं वर्तमानपत्र म्हणतं, उद्घाटनानंतर आठवडाभर लाँच फुकट चालवली, लोकांनी गर्दी केली, मग बंद. पुलाच्या इंजिनिअर साहेबांनी एक पुस्तिका लिहिली आहे. त्यात ते म्हणतात, लाँच कुणी बंद केलीच नाही, माणसं येईनाशी झाली म्हणून ती आपोआप संपली.

मला विचाराल तर अहवाल खरा. त्याच्यावर सही-शिक्का आहे. वर्तमानपत्राला बातमी गोड करायची असते आणि इंजिनिअर साहेबांना आपल्या पुलाचं कौतुक.

आता तोंडी संदर्भ. त्यासाठी लांब जायला नको. ही लग्नाआधी पलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती, रोज लाँचने जायची. मी तिथली मशीनं दुरुस्त करायला जायचो. ओळख लाँचवरच झाली. ठरलं मात्र पुलावर. पूल झाला तशी मी नवी सायकल घेतली होती. थंडी सरता सरता एका संध्याकाळी ही पुलावरून चालत येताना दिसली. मी सायकल थांबवून म्हणालो, "काय, शेवटी शहाणपण सुचलं वाटतं?" ही हसली. ते हसणं म्हणजेच होकार, असं मी धरून चाललो आणि बरोबर धरलं होतं.

११ जानेवारी

फोन लावला. उचलला मुलीने. "बाबा, जेवण वेळेवर करता ना? आणि एक विचारायचं होतं, आईचं मशीन इकडे पाठवता येईल का? तिला करमेल."

मी म्हणालो, "मशीन म्हणजे काय कपडे आहेत, पिशवीत घालून पाठवायला? एवढ्या लांब धक्के खात गेलं की सुई-शटलचं टायमिंग बिघडतं. आणि काही महिन्यांसाठी हवंय कशाला?"

 मुलीने आईला फोन दिला.

निबंधाचं ऐकून ही हसली. "माझं बोलणं निबंधात? बाई!" पण मग बोलली. म्हणाली, लाँचमध्ये उजव्या बाजूचं बाकडं, त्यावर पिवळा दिवा, पाण्यात तो लांबच लांब पसरायचा. म्हणाली, पूल झाल्यावरसुद्धा लाँच चालू होती, चांगली थंडी सरेपर्यंत.

मी सांगितलं, दिवा पिवळा नव्हता, लाँचवर ट्यूबलाइट होती, पांढरी. आणि लाँच उद्घाटनाच्या दिवशीच बंद झाली, माझ्यासमोर अहवाल आहे.

"बरं," ही म्हणाली. "मग तसं लिहा."

विचारलं, कधी येतेस? म्हणाली, "बघू. इथे बरं वाटतंय. इथे मी काही सांगत असले ना, की सगळी ऐकतात."

मुलीवर संस्कार चांगले झालेत. घरात शिस्त होती, त्याचं फळ.

१७ जानेवारी

निबंधाचा कच्चा खर्डा पुरा झाला. अक्षर मोत्यासारखं आलंय. पहिलं पान अहवालाला, दुसरं वर्तमानपत्राला, तिसरं पुस्तिकेला, चौथं हिच्या आठवणीला. हिचं म्हणणं अवतरणात घातलं, मात्र वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ नये म्हणून तपशील नीट करून घेतला. पांढरा दिवा घातला, उद्घाटनाचा दिवस घातला. शेवटी निष्कर्ष: अहवाल बरोबर आहे.

नर्सबाईंनी वर्गात चाळून पाहिला. म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या बायकोचं बोलणं हुबेहूब तुमच्यासारखंच आहे हो."

इतक्या वर्षांचा सहवास. होणारच.

२२ जानेवारी

खर्डा परत आला. लाल शाईने एकच ओळ: तुमचे चारही संदर्भ रांगेत उभे आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही कुठे आहात?

वर्ग सुटल्यावर मी मॅडमना गाठलं. म्हणालो, "मी कुठे असणार? मी लिहिणारा आहे."

त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही एकाला मुकुट घातलात आणि बाकीच्यांना घरी पाठवलंत. ते वेगळं का म्हणतात, हे तुम्ही त्यांना विचारलंच नाहीत. कदाचित चौघंही खरं बोलत असतील."

"चौघं चार गोष्टी सांगतात. चौघं खरी कशी असतील?"

"तेच तर शोधायचंय," असं म्हणून त्या हसल्या. मग विचारलं, "काकूंना त्यांचं पान वाचून दाखवलंत का? नियम आहे आपला. तोंडी संदर्भ लिहून झाला की तो त्या माणसाला वाचून दाखवायचा. 'हो, हे माझंच बोलणं' असं त्यांनी म्हटलं तरच अवतरणात ठेवायचा. नाहीतर मला हा निबंध घेता येणार नाही. आणि निबंधाशिवाय तुम्हाला पुढच्या वर्षाला बसता येणार नाही."

या वयात मला नियम सांगतात. मी नियमाने चालणारा माणूस आहे, एवढंच नोंदवून ठेवतो.

२३ जानेवारी

राग आहे. लिहीत नाही.

२७ जानेवारी

फोनवर वाचून दाखवलं. पूर्ण, विरामचिन्हांच्या जागी थांबत.

वाचून झाल्यावर विचारलं, बरोबर आहे ना?

मग ही म्हणाली, "हे मी बोललेच नाही."

"अगं, थोडं नीटनेटकं केलंय इतकंच."

"अहो, मी पिवळा म्हटलं होतं. तुम्ही पांढरा लिहिलंत. मी म्हटलं होतं लाँच चालू होती, तुम्ही लिहिलंत बंद झाली. मग माझं राहिलं काय त्यात? बाकडं?"

मी म्हणालो, "मग पुन्हा सांग. शब्दशः लिहून घेतो."

"नको. नाहीतरी तुम्हाला हवं तेच लिहाल. सवयच आहे." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. नंतर म्हणाली, "बाळ उठलंय," आणि फोन ठेवला.

बाळाचा आवाज काही मला ऐकू आला नाही.

३० जानेवारी

दुकानात एक मशीन आलं. टाका सुटतोय अशी तक्रार. सुई बदलली, बॉबिन बदललं, ताण बदलला. सुटतोच आहे. शेवटी मशीन घेऊन आलेल्या शिंपिणीला म्हणालो, तुम्ही बसा, तुम्ही कशा चालवता ते बघू. त्या बसल्या, चालवू लागल्या. त्यांचा पाय पायट्यावर एका लयीत पडत नाही, मध्येच किंचित मागे येतो. मशीनमध्ये दोष नव्हताच. मी एकटा चालवून पाहत होतो, म्हणून मला तो सापडत नव्हता.

निबंधात याचा काही उपयोग नाही. सहज लिहिलं.

हिच्या मशीनला परवाच तेल दिलं होतं, आज परत दिलं. मग फडक्याने जास्तीचं पुसून काढावं लागलं.

२ फेब्रुवारी

हिचं पान बाद झालं तर दुसरा तोंडी संदर्भ हवा, म्हणून जुन्या लाँचवाल्याचा पत्ता काढला. मुलाच्या गॅरेजबाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात. कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

"लाँच?" ते ओरडले. "तुला आता हवीये लाँच? बुडाली की रे! भंगारात गेली!"

मी विचारलं, कधी बंद झाली. म्हणाले, "सरकारने पुलाच्या दिवशी बंद केली. कागदावर. पगार थांबला. पण लाँच माझ्याच ताब्यात होती ना! आधी लोक हौसेने बसले, फुकटात. मग तेही पुलाने जायला लागले. मी संध्याकाळची एक फेरी ठेवली चालू. थंडीभर."

म्हणजे अहवालही बरोबर, वर्तमानपत्रही बरोबर, पुस्तिकाही. मी उभ्याउभ्याच लिहीत होतो, हात भरभर चालत होता. विचारलं, "पगार नाही, माणसं नाहीत, मग फेरी कुणासाठी?"

"एक पोरगी यायची. कारखान्यातली. एकटीच, उजव्या बाकड्यावर. मी म्हणायचो, अगं बये, पुलाने जा की, माझं डिझेल जाळतेस! तर म्हणायची, काका, आणखी एक जण येणार आहे. रोज तेच. आणखी एक जण येणार आहे. आम्ही धक्क्यावर थांबायचो. ट्यूबलाइटसुद्धा नव्हती, ती नगरपालिकेने काढून नेलेली पुलाला. मी आपला कंदील टांगायचो."

मी विचारलं, आला का तो?

लाँचवाल्यांनी हात झटकला. "कसला येतोय! असेल कुणीतरी दीडशहाणा."

त्यांना कानाशी ओरडून वाचून दाखवलं. नियम आहे. "दीडशहाणा लिहिलंस का?" म्हणाले. लिहिलं होतं. "मग बरोबर आहे."

३ फेब्रुवारी

धक्क्यावर जाऊन आलो. फरश्या आहेत, लोखंडी कडी आहे, बाकी काही नाही. तिथून पूल वर पाहावा लागतो.

वर पाहताना एकदम आठवलं. नवी सायकल होती. संध्याकाळी पुलाच्या मधोमध आलो की मी पॅडल थांबवून खाली बघायचो. खाली लाँच असायची. रिकामीच म्हणायची, एक मिणमिणता ठिपका आणि त्याच्या मागे पाण्यात लांब पट्टा. मला हसू यायचं, की या काळात कोण बसत असेल हिच्यात. एकदा मी घंटीसुद्धा वाजवली होती.

ठिपका पिवळा होता.

मॅडमनी विचारलं होतं, तुम्ही कुठे आहात. मी पुलावर होतो. लाँच चालू होती याचा आणखी एक संदर्भ मीच आहे. अहवालावरचा शिक्का पाहिला आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडून टाकलं.

६ फेब्रुवारी

फोन केला. म्हणालो, "निबंधासाठी नाही. तू सांग, मी ऐकतो."

"आणि लिहिणार नाही?"

"सांगशील तर लिहीन."

 मग बोलायला लागली. जसं बोलली तसं लिहिलंय, एक अक्षर हलवलेलं नाही:

"पूल झाला आणि तुम्ही सायकल घेतलीत. मैत्रिणी पुलाने जायला लागल्या. मी लाँचनेच जायची. वाटायचं, एखाद्या दिवशी सायकल पंक्चर होईल. नाहीतर उगाचच येतील. लाँचमध्ये आपण बोलायचो ना, म्हणजे तुम्हीच बोलायचात, मशीनबद्दल. मला आवडायचं. तेवढा वेळ दुसरीकडे कुठे मिळायचा? पुलावरून दोन मिनिटांत घर येतं. थंडी होती, पदर कानाला घट्ट लावून बसायची. पिवळा दिवा होता. वरून कुणीतरी एकदा घंटी वाजवली. मला वाटलं तुम्हीच. मी हात केला. मग एक दिवस लाँचवाले काका म्हणाले, पोरी, तुझं माणूस पुलानेच जाणार. म्हणून मी पुलावर आले."

मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. लग्नानंतर लगेचच. म्हटलं, मी लाँचमध्ये तुमची वाट बघायची. तर तुम्ही म्हणालात, लाँचने तेव्हा कोण जात होतं!"

मला आठवत नाही. पण लिहिलं. वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"हो," ही म्हणाली. "हे माझं." आणि जरा वेळाने, "पण अहो, आधी ट्यूबलाइट होती हं. पूल व्हायच्या आधी. पांढरी. तुमचंही खरंच होतं. तेही लिहा."

१० फेब्रुवारी

निबंध नव्याने लिहिला. या खेपेला रांग नाही. अहवालाने कागद बंद केला, वर्तमानपत्राने गर्दी संपताना पाहिली, पुस्तिकेने माणसं मोजली, लाँचवाल्यांनी डिझेल जाळलं. शेवटचा प्रवासी कोण ते हिच्या शब्दांत आहे. पांढरा आणि पिवळा, दोन्ही दिवे आहेत, ज्याच्या त्याच्या काळात. माझं म्हणणं एका परिच्छेदात मांडलंय: शेवटचं माणूस वाट बघायचं थांबलं, त्या दिवशी लाँच बंद झाली. घंटी वाजवणारा मीच होतो, हेही लिहिलं.

अक्षर काही ठिकाणी बिघडलंय. तसंच दिलं.

मॅडमनी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. म्हणाल्या, "निकाल पुढच्या आठवड्यात." मी म्हणालो, मी नसेन. नर्सबाई मागून ओरडल्या, "काय मिस्त्री, निकालाच्या आधीच फरार?"

१२ फेब्रुवारी

मशीनचं डोकं टेबलापासून सोडवलं. शटल बाहेर काढून वेगळं गुंडाळलं, सुई काढली, डोक्याला जुन्या चादरीचे तीन वेढे दिले. हिने शिवलेलीच चादर, काठाला जाड टीप असलेली. खालचा पायटा, स्टँडसकट, सामानाच्या डब्यातून जाईल. डोकं मी मांडीवर घेऊन बसणार आहे. टायमिंग बिघडलं तर तिथे जुळवून देईन, तिथेही मला हात आहेतच.

दुकानाच्या दारावर पाटी लावली: मिस्त्री बाहेरगावी. कधी परत येणार ते लिहायला खडू उचलला होता. ठेवून दिला.

मुलीला फोनवर कळवलं. तिने ओरडून आईला सांगितलं. ही फोनवर आली. "मशीन आणताय? मग मी इथेच राहते असं समजलात का तुम्ही?"

"मी काहीच समजलो नाही," मी म्हणालो. "मशीन तुझं आहे. तू म्हणशील तिथे मांडू. परत न्यायचं झालं तर परत नेऊ."

"आणि तुम्ही?"

"मलाही तसंच."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं. या खेपेला मला नीट ऐकू आलं.

"एसटीने निघालात तर दुपारपर्यंत पोचाल," ही म्हणाली.

"पॅसेंजर गाडीने येतोय. प्रत्येक स्टेशनला थांबते."

"अंधार होईल की हो तिला. कुणी बसतं का आता तिच्यात?"

"मी बसतोय."

ही हसली. हे कुठलं हसणं, होकाराचं की आणखी कशाचं, ते मी धरून चालत नाही. स्टेशनवर विचारीन. ही म्हणाली, "मी येते मग फलाटावर. उजव्या बाजूच्या बाकड्यावर असेन."